तांब्याच्या हंड्यावर किती विसंबायचे?

उन्हाळ्याच्या तोंडाशी सिल्लोडच्या भांड्यांच्या दुकानांत तांब्याच्या बाटल्या, जग आणि हंडे पुढे मांडले जातात. त्याच सुमारास मोबाइलवर निरोप फिरू लागतात. रात्री तांब्यात पाणी ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या, मधुमेह जाईल, सांधेदुखी जाईल, कावीळ तर जवळही फिरकणार नाही. हे निरोप आपल्या वस्त्यांतही पोहोचले आहेत. दोन-तीन दिवसांची मजुरी घालून बाटली घेतली जाते, आणि एकदा ती घरात आली की पाण्यात औषध टाकायचे राहून जाते. "आता आमच्याकडे तांबे आहे ना!" असे उत्तर मिळते.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. तांबे जंतू मारते, ही गोष्ट खोटी नाही. तिला प्रयोगशाळेतला पुरावा आहे. पण ते कोणते जंतू मारते, किती वेळात मारते आणि कुठे हरते, हे कळल्याशिवाय घरातल्या लेकरांचे आरोग्य एका हंड्यावर सोपवणे धोक्याचे आहे. हे समजून घेण्यासाठी हंड्याकडे नंतर पाहू. आधी जंतूच्या पोटात डोकावू.

जंतूलाही तांबे लागते

आपल्याला वाटते, तांबे म्हणजे जंतूचे विष. तसे नाही. जंतूलाही थोडे तांबे हवेच असते. ई-कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू घ्या. याच्या काही जाती हगवण लावतात. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्यासाठी याला जी प्रथिने लागतात, त्यांतल्या एकात तांबे बसवलेले असते. म्हणजे तांब्याशिवाय त्याचेही काम अडते.

पण हेच तांबे मोकळे सुटले तर घात करते. पेशीच्या कारभारात लोखंड आणि गंधक एकत्र बांधलेली काही प्रथिने फार महत्त्वाची असतात. मोकळे तांबे त्यांतल्या लोखंडाला हुसकावून स्वतः तिथे जाऊन बसते. प्रथिन निकामी होते आणि पेशीचे काम ठप्प होते. म्हणून जंतूला तांबे हवे असते, पण मोजून आणि बांधून ठेवलेले.

त्यासाठी त्याने आत कडक पहारा ठेवलेला आहे. ई-कोलायमध्ये 'क्यू-आर' नावाचे एक प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. जरा जरी तांबे वाढले की ते त्याला चिकटते, आणि तांबे बाहेर काढणारी यंत्रणा सुरू होते. २००३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले थॉमस ओहॅलोरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पहारेकऱ्याची संवेदनक्षमता मोजली. ती इतकी तीव्र निघाली की पेशीत तांब्याचा एकही अणू मोकळा फिरू नये, असाच बंदोबस्त आहे असे म्हणावे लागते. जंतूच्या पेशीत एकूण तांबे हजारो अणूंचे असते, पण ते सगळे कुठल्या ना कुठल्या प्रथिनाला बांधलेले. मोकळा कोणी नाही.

पहारेकऱ्याने हाक दिली की दोन कामे सुरू होतात. पहिले काम 'कॉप-ए' या पंपाचे. तो पेशीच्या पडद्यात बसलेला असतो आणि ऊर्जा खर्च करून आतले तांबे बाहेर फेकतो. दुसरे काम 'क्यू-ओ' या प्रथिनाचे. ई-कोलायला आतला आणि बाहेरचा असे दोन पडदे असतात. त्यांच्या मधल्या जागेत हे प्रथिन तांब्याचे जास्त जाचक रूप कमी जाचक रूपात बदलते. एवढ्यानेही भागले नाही तर 'कस' नावाची आणखी एक यंत्रणा आहे. ती मधल्या जागेत साठलेले तांबे थेट बाहेरच्या पडद्यापलीकडे टाकते. पावसाळ्यात घरात पाणी शिरले की आपण आधी बादलीने उपसतो, मग शेजाऱ्याची मोटर मागून आणतो. हे तसेच आहे.

हंड्यात रात्रभर काय घडते

आता हंड्याकडे येऊ. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवले की भांड्याच्या आतल्या बाजूने अगदी थोडे तांबे सावकाश पाण्यात उतरते. पाण्यात हगवणीचा जंतू असेल तर त्याच्या पेशीत तांबे शिरू लागते. पहारेकरी हाक देतो, पंप सुरू होतात, जंतू उपसा करू लागतो. पण बाहेरून येणे थांबत नाही. तासांमागून तास जातात आणि शेवटी उपसा कमी पडतो. जंतू मरतो, किंवा निदान वाढण्याच्या लायकीचा राहत नाही.

याचा चांगला प्रयोग बेंगळुरूमध्ये झाला. प्रीती सुधा, पद्मा वेंकटसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पिण्याच्या पाण्यात पटकी, हगवण आणि टायफॉइडचे जिवाणू मुद्दाम मिसळले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. त्यानंतर त्यातून एकही जिवाणू वाढवता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबे लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ते पाणी पिण्यास सुरक्षित होते.

हा प्रयोग आम्हाला मोलाचा वाटतो. वीज नको, गॅस नको, आणि भांडे वर्षानुवर्षे टिकते. पण त्यातल्या अटी निरोप पाठवणारे सांगत नाहीत. पहिली अट वेळेची. १६ तास म्हणजे संध्याकाळी पाचला भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. घरात सहा माणसे असतील आणि नळ आला त्याच दिवशी हंडा रिकामा होत असेल, तर ते पाणी १६ तास थांबते कुठे? दुसरी अट पाण्याची. प्रयोगातले पाणी पिण्याच्या पाण्यासारखे स्वच्छ होते, त्यात जंतू मोजून टाकले होते. टँकरच्या किंवा आटत्या विहिरीच्या गढूळ पाण्यात माती आणि कुजलेला पाला असतो. पाण्यातले तांबे या गाळालाच चिकटून बसते आणि जंतूपर्यंत कमी पोहोचते. तिसरी अट जंतूची. तो प्रयोग जिवाणूंवर होता. पाण्यातून होणारी कावीळ ही विषाणूंमुळे होते. त्यांना तांब्याचा पंपही नसतो आणि पहारेकरीही नसतो. त्यांचा हिशेबच वेगळा. म्हणून "तांब्याने कावीळ होत नाही" असे त्या प्रयोगाच्या आधारावर कोणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही.

आणि मधुमेह, सांधेदुखी, थायरॉइड? जंतू मारण्याच्या प्रयोगाचा या आजारांशी काही संबंध नाही. आपल्या शरीराला रोज साधारण १ ते २ मिलिग्रॅम तांबे लागते. तीळ, शेंगदाणे, डाळी, हरभरा आणि भाकरी यांतून त्याचा मोठा भाग मिळतो. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही.

मिरचीच्या शेतातला धडा

जंतू सतत तांब्यात राहिला तर काय होते, हे पाहायला लांब जायला नको. सिल्लोड तालुका मिरचीचा. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी आयाबहिणी मिरची तोडायला जातात. मोरचूद आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही नावे त्यांना माहीत आहेत. मोरचूद म्हणजे तांब्याचेच क्षार. चुना आणि मोरचूद मिळून बोर्डो मिश्रण होते. मिरचीच्या पानांवर जिवाणूंमुळे काळे ठिपके पडतात, त्यावर ही तांब्याची औषधे फवारली जातात.

हीच औषधे वर्षानुवर्षे एकाच पिकावर मारली की काही जंतू त्यांना दाद देईनासे होतात. अमेरिकेतील फ्लोरिडात मिरचीवरच्या ठिपक्यांच्या जंतूमध्ये हे १९८३ मध्येच नोंदले गेले. या जंतूंकडे तांबे बांधून ठेवणारी आणि बाहेर काढणारी जादा यंत्रणा असते. तिचा आराखडा पेशीतल्या एका सुट्या, गोल गुंडाळीवर लिहिलेला असतो. ही गुंडाळी एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. वाईट गोष्ट अशी की त्याच गुंडाळीवर कधी कधी प्रतिजैविक औषधांना न जुमानण्याचा आराखडाही असतो. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात तांबे घालत असत. तिथल्या डुकरांच्या आतड्यातल्या जंतूंमध्ये २००२ मध्ये तांबे उपसणारा एक पंप सापडला. माणसाला दिल्या जाणाऱ्या दोन महत्त्वाच्या प्रतिजैविकांना न जुमानण्याची ताकदही त्याच जंतूंमध्ये एकत्र होती.

घरातल्या हंड्याने लगेच असे जंतू तयार होतील, असे आम्ही म्हणत नाही. पण तांब्यापुढे कोणताच जंतू टिकत नाही, हे मात्र खरे नाही. जंतू लाखो वर्षांपासून तांब्याशी झुंजत आला आहे आणि त्याच्याकडे तयारी आहे. मिरचीच्या शेतात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी याचा एक सरळ अर्थ आहे. फवारणी झालेल्या शेतात लगेच शिरू नये, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये, आणि मोरचूद किंवा फवारणीचा डबा पाण्याच्या भांड्याजवळ कधीही ठेवू नये.

टीबीचा जंतू आणि आपले शरीर

आपल्या शरीरालाही तांब्याचा हा उपयोग माहीत आहे. फुप्फुसात शिरलेला टीबीचा जंतू आपल्या रक्षक पेशी गिळतात. गिळल्यावर ज्या पिशवीत तो कोंडला जातो, तिथे या पेशी तांबे सोडतात. म्हणजे हंड्यात रात्रभर जे घडते, त्याचाच एक प्रकार आपल्या छातीत रोज घडत असतो.

टीबीचा जंतूही गप्प बसत नाही. त्याच्याकडे 'सीएसओ-आर' नावाचा तांब्याचा पहारेकरी आहे. २००७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी तो शोधला. त्याशिवाय तांबे बाहेर ठेवणारे 'एमसीटी-बी' नावाचे प्रथिन त्याच्याकडे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे प्रथिन काढून टाकलेले टीबीचे जंतू गिनीपिगला देण्यात आले, तेव्हा ते नेहमीच्या जंतूंसारखे टिकले नाहीत. तांबे उपसण्याची ताकद हे या आजाराचे एक शस्त्रच आहे. पुढेमागे हे शस्त्र बोथट करणारे औषध तयार व्हावे, म्हणून शास्त्रज्ञ याचा अभ्यास करतात.

यातून कोणी उलटा अर्थ काढू नये. तांब्याचे पाणी पिऊन किंवा ताम्रभस्म खाऊन टीबी बरा होत नाही. पोटात गेलेले तांबे त्या पिशवीत जाऊन जंतूला मारत नाही. कुठे, किती आणि केव्हा सोडायचे, हे शरीर स्वतः ठरवते. टीबीला सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्या आहेत. डॉक्टर सांगतील तितके महिने त्या न चुकता घ्यायच्या. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये उपचार चालू असेपर्यंत खात्यात येतात. ते येत नसतील तर विचारणा करायची.

पुण्यातली बालके

तांबे जंतूला जड जाते तसे माणसालाही जड जाते, हे महाराष्ट्राने फार दुःखद पद्धतीने अनुभवले आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांचे यकृत कडक होऊन खराब होण्याचा एक आजार आपल्या देशात होता. पोट फुगायचे, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुले दगावायची. डॉक्टर त्याला 'भारतीय बालयकृत काठिण्य' म्हणत. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलमधील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्याबरोबर काम करणारे इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृताची तपासणी केली. त्यात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले आढळले.

हे तांबे आले कुठून? १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक शक्यता मांडली. या बाळांना आईच्या दुधाऐवजी लवकर गाई-म्हशीचे दूध सुरू केले होते, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून साठवले जात होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. दुधातली प्रथिने तांब्याला घट्ट धरतात, म्हणून पाण्यापेक्षा दुधात तांबे कितीतरी जास्त उतरते. १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून त्यांनी हा संशय अधिक पक्का केला. पुढे पुणे भागात आईबापांना या भांड्यांत दूध न ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातील टायरॉल या डोंगरी भागातही असेच घडले होते. तिथे कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत दूध तापवत. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या १३८ बालकांचा अशा यकृताच्या आजाराने मृत्यू झाल्याची नोंद आहे.

हे फक्त बाळांनाच का झाले? आपले यकृत जादा तांबे पित्तातून बाहेर टाकते. हे काम ज्या पंपाने होते, तो जंतूंच्या 'कॉप-ए' पंपाच्याच घराण्यातला आहे. जंतूपासून माणसापर्यंत निसर्गाने एकच युक्ती वापरली आहे. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या यकृतात आईकडून आलेले तांबे आधीच साठलेले असते, आणि बाहेर टाकण्याचे काम अजून पुरते सुरू झालेले नसते. काही माणसांत हा पंप जन्मतःच बिघडलेला असतो. त्या आजाराला विल्सनचा आजार म्हणतात. लहान किंवा तरुण वयात यकृताचा त्रास, हातांना कंप, बोलण्यात अडखळणे अशी लक्षणे दिसतात. अशा रुग्णाने तांब्याच्या भांड्यातले पाणी घेऊ नये. ही लक्षणे असतील तर बाबा-बुवाकडे न जाता मोठ्या दवाखान्यात दाखवावे.

आपल्या आज्यांना हे शास्त्र माहीत नव्हते, पण हातचा अनुभव होता. ताक पितळेत ठेवले तर कळकते, हे त्या सांगत. गल्लीत कल्हईवाला आला की भांडी बाहेर काढत. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा थर. तो तांबे आणि अन्न यांच्यामध्ये उभा राहतो. हे ज्ञान टिकवण्यासारखे आहे. आजच्या बाटलीबरोबर मात्र ते कोणी सांगत नाही. उलट त्याच बाटलीत लिंबू पिळून पिण्याचा सल्ला दिला जातो. लिंबाच्या आंबटपणाने तांबे भराभर सुटते आणि मळमळ, उलटी, पोटात मुरडा सुरू होतो.

धातूचे भांडे आणि आपण

तांब्याच्या भांड्यावर आमचा राग नाही. उलट धातूचे भांडे आपल्या माणसांना सहज मिळालेले नाही. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावात बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी 'जातिभेदनिर्मूलन' या भाषणात ही घटना नोंदवून ठेवली आहे. त्याआधी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. लढाई पाण्याच्या हक्काची होती, आणि कोणत्या भांड्यातून पाणी आणायचे हेही आम्हीच ठरवू, याची होती.

म्हणूनच आज आम्हाला एक गोष्ट खटकते. सार्वजनिक नळाने शुद्ध पाणी द्यावे, ही मागणी मागे पडते आहे. प्रत्येक घराने आपापली बाटली, आपापला जार, आपापले यंत्र विकत घ्यावे, असे वातावरण तयार होते आहे. ज्याला परवडते तो घेतो. वस्तीत टँकरमागे धावणारी बाई काय करणार? सिल्लोड शहराला खेळणा प्रकल्पाचे पाणी येते. पाऊस कमी झाला आणि प्रकल्प आटला की पाणी साठवून ठेवावे लागते, आणि साठवलेल्या पाण्यातच जंतू वाढतात. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यानुसार लोकांच्या आरोग्याला धोका होणार नाही असा पुरेसा पाणीपुरवठा करणे, हे नगरपरिषदेचे बंधनकारक काम आहे. हे काम तांब्याच्या बाटलीवर ढकलून चालणार नाही.

मग करायचे काय?

पिण्याच्या पाण्याला पहिला भरवसा क्लोरीनचा. ते अर्ध्या तासात काम करते, जिवाणूंबरोबर बहुतेक विषाणूंनाही मारते, आणि पाण्यात थोडे शिल्लक राहून पुढेही राखण करते. आशाताईंकडून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकावे, ढवळावे आणि अर्धा तास थांबून प्यावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, दुपदरी कपड्याने गाळावे, मग औषध टाकावे. औषध नसेल तर पाणी खळखळून उकळावे. जार थंड असतो म्हणून शुद्ध असतो असे नाही. त्यालाही हाच नियम.

तांब्याचा हंडा घरात असेल तर तो जरूर वापरा. औषध टाकलेले, निवळलेले पाणी त्यात रात्रभर झाकून ठेवणे चांगलेच. पण भांडे रोज घासा, आत हिरवे जंगाल धरू देऊ नका, आणि चिंच-लिंबाने घासल्यावर स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा. हात बुडवून पाणी काढू नका, ओगराळे वापरा. दूध, ताक, सरबत, आमटी तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात कधीही ठेवू नका. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या. त्यानंतरचे वरचे दूध स्टीलच्या भांड्यात तापवा. हंडा घरात नसेल तर कर्ज काढून घेऊ नका. झाकणाचे, तोटीचे स्टीलचे पिंप आणि मेडिक्लोर एवढ्यात काम होते.

लेकराला जुलाब लागले तर कोणत्याही भांड्याच्या पाण्याची वाट पाहू नका. ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजा. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि १४ दिवस पूर्ण करा. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक उपजिल्हा रुग्णालय गाठा.

आणि वस्तीने मिळून एक काम करावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळते. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. गावांत हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शहरात हाच प्रश्न नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारावा आणि अर्जाची पोच घ्यावी. महिला मंडळाने आणि तरुणांनी महिन्यातून एकदा वस्तीच्या पहिल्या आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करून घ्यावी आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावी. अशी सहा महिन्यांची वही घेऊन गेलेल्या माणसांना कोणताही अधिकारी सहज परत पाठवू शकत नाही.

डोळ्यांना न दिसणारा जंतू स्वतःच्या पेशीतल्या तांब्याच्या एकेका अणूचा हिशेब ठेवतो, म्हणून तो टिकून आहे. आपल्या घरात येणाऱ्या पाण्याचा हिशेब आपण ठेवायला हवा. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीत अशी एक वही सुरू व्हावी.